मर्जचं कोरं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसचं कुलूप काढत होते तेव्हाच आत फोन वाजत होता. इस्पितळाच्या औषधविभागातल्या मुख्य बाई. त्या कधी आवाज चढवत नाहीत. आजही चढवला नाही. आमच्या प्रोग्रामने चार किलोच्या बाळासाठी मोठ्या माणसाच्या डोसचं लेबल छापलं. अडला नाही, दुसरी सही मागितली नाही, सरळ छापून मोकळा झाला. बाटलीला चिकटवताना बाईंची नजर गेली म्हणून बाळ वाचलं.

मी म्हटलं, हे शक्य नाही. दहा किलोच्या खाली वजन असलं की प्रोग्राम थांबतो. ती तपासणी नोव्हेंबरातच बसवली आहे.

"लेबल माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "शक्य की अशक्य ते तुम्ही सावकाश ठरवा."

फाइल उघडली. तपासणी नाही. वर गेले, खाली गेले, शोधून पाहिलं. एक ओळ नाही. तपासणी चालते की नाही हे बघणारी चाचणी त्याच फाइलीच्या तळाशी होती, तीही नाही. दाराचं कुलूप जसंच्या तसं आणि आतलं कपाट गायब, अशी माझी गत.

आमचं ऑफिस तिघांचं. मी, माझा धाकटा भाऊ आणि दाढीवाला. सायकलींच्या दुकानावर दोन खोल्या. इतकी वर्षं औषधांची लेबलं छापायचा हा एकच प्रोग्राम करतो आहोत, आणि असं कधी घडलं नाही. विचार बाजूला ठेवला आणि फोन लावत सुटले. नवी आवृत्ती नशिबाने तीनच इस्पितळांत गेली होती. दुपारपर्यंत तिघांनाही जुनीवर परत आणलं आणि छापलेली सगळी लेबलं पुन्हा पाहायला सांगितली.

धाकट्याला दोनदा हाक मारली. लक्षच नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा वळला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाकी दोन्ही इस्पितळांतून निरोप आले. चुकीचं लेबल एकही नाही. पहिल्या ठिकाणीही तेवढं एकच. रात्रभर छातीवर ठेवलेला दगड उतरला. आता दुसरा चढवते: तपासणी गेली कुठे?

आमचं सगळं काम व्हर्जन कंट्रोलमध्ये असतं. कुणी कोणती ओळ घातली, कुणी खोडली, कधी, कशासाठी, सगळं त्यात राहतं. नोव्हेंबरात दाढीवाल्याने तपासणी घातली, हे दिसतं. नंतर ती कुणी खोडली, हे कुठेच दिसत नाही. इतिहास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खोडणारा हात नाही.

दाढीवाल्याला समोर बसवलं. चाळिशीचा माणूस, आमच्याकडे सहा वर्षं. कामाला घोड्यासारखा, बोलायला त्याहून तेज. मी म्हटलं, ती फाइल तुमची, तपासणी तुमची, आणि ती नाही.

"मॅडम, घातलेली दिसते ना? मग खोडलेली दाखवा."

हेच तर दाखवता येत नाही. कसलीतरी चलाखी केली असणार, माझ्या ध्यानात न येणारी. कॉलेजात मी सांख्यिकी शिकले तेव्हा अख्ख्या विभागाला एकच संगणक होता. नव्या साधनांच्या सगळ्या खाचाखोचा मला ठाऊक नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मागच्या महिन्यात धाकट्याशी त्याची जुंपली होती. तुमची पद्धत जुनी झाली, असं तोंडावर म्हणाला होता. अशा माणसाचं काय सांगावं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ठरवलं. दाढीवाल्याला सांगितलं, शनिवारपर्यंत आवराआवर करा. तो उठला. खुर्चीवरचं जाकीट उचलून खाली जाऊन उभा राहिला.

धाकटा मात्र बोलला. म्हणाला, ताई, घाई करतेस, माणूस सरळ आहे. मी म्हटलं, तू भोळा आहेस. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, त्यामुळे हे वाक्य मी त्याला चोपन्न वर्षं ऐकवते आहे.

संध्याकाळी त्याच्या गाडीतून घरी आलो. आम्ही एकाच घरात राहतो, मी खाली, तो आणि भावजय वर. गाडीच्या डाव्या अंगाला पुढपासून मागपर्यंत ओरखडा. विचारलं तर म्हणतो, कुणीतरी घासून गेलं असेल. मागच्या महिन्यात डावा आरसा असाच कुणीतरी तोडून गेलं होतं. या शहरात कुणाला गाडी चालवायची अक्कल राहिलेली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहायला बसले तर पेन चालत नाही. तरी क्रमाने लिहिते.

दाढीवाला सकाळी आला आणि म्हणाला, जायच्या आधी एकच गोष्ट दाखवतो, मग मी मोकळा. म्हटलं, दाखवा.

भावजयीला मी एकदा आमचं काम समजावून सांगितलं होतं, तेच इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं ताळ्यावर येईल. एकाच फाइलीवर दोघं आपापल्या जागी काम करतात. मग दोघांचं काम एकत्र आणायचं, त्याला मर्ज म्हणतात. दोघांनी एकाच जागेला हात लावला असेल तर यंत्र थांबतं आणि माणसाला विचारतं, कुणाचं ठेवू? की दोघांचं? हे काम आमच्याकडे पहिल्यापासून धाकट्याचं. दोन माणसांचं म्हणणं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मर्ज झालं की यंत्र त्यातल्या फरकाचं पान दाखवतं, ते मी बघते आणि पुढे सारते.

दाढीवाल्याने जानेवारीतलं एक मर्ज उघडलं. पान कोरं.

"हेच तुम्ही पाहिलंत," तो म्हणाला. "बरोबर?"

हेच पाहिलं होतं. कोरं होतं, म्हणून पुढे सारलं होतं.

मग त्याने सांगितलं की हे पान फक्त तेवढंच दाखवतं जे दोघांपैकी कुणाशीच जुळत नाही. एकाचं जसंच्या तसं ठेवलं आणि दुसऱ्याचं फेकून दिलं, तर उरलेलं त्या पहिल्याशी जुळतं; मग दाखवायला राहतंच काय? म्हणजे दोघा भांडणाऱ्यांतल्या एकाला घराबाहेर काढायचं आणि मग विचारायचं, घरात काही भांडण आहे का. नाही बुवा, सगळं शांत. आणि ओळीओळीच्या इतिहासात तर मर्जच्या आत काय झालं हे यंत्र मुळात दाखवतच नाही, तुम्ही मागितल्याशिवाय.

मी म्हटलं, मग मागा. त्याने आधी नुसत्या एका बाजूशी तुलना करून दाखवली. माझ्या महिन्याभराच्या कामाच्या शेकडो ओळी धो धो ओतल्या. त्यात हरवलेलं शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. मग तिसरा प्रकार. यंत्र तेच मर्ज स्वतः पुन्हा करून पाहतं, जिथे अडतं तिथे खूण करतं, आणि माणसाने त्यापुढे काय केलं तेवढंच दाखवतं. एका खाली एक, एकाच रकान्यात.

पान आलं. लहानसं. लाल ओळींत आमची तपासणी. सगळी. वजन वाचणारी ओळ, अडवणारी ओळ, दुसरी सही मागणारी ओळ, आणि तळाशी तिची चाचणी. हाताने काढलेली.

वर मर्ज करणाऱ्याचं नाव. माझ्या भावाचं.

दाढीवाला उठून खिडकीशी गेला आणि खाली चाललेली सायकलींची खटपट बघत राहिला, हे त्याचं सौजन्य. मी त्याची माफी मागितली. एकदाच, पण स्पष्ट. तो म्हणाला, दुसरीकडे बोलून आलो होतो, आता त्यांना नाही म्हणून कळवतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वर्षभराची सगळी मर्ज त्या तिसऱ्या प्रकाराने काढून पाहिली. ऑगस्टपर्यंत एकही खोट नाही; दोघांचं इतक्या नेटकेपणाने बसवलेलं की शिवण दिसू नये. सप्टेंबरपासून मात्र, जिथे जिथे दोघांचं एका जागी आलं, तिथे तिथे एकाचं साफ गेलेलं. एखादा रंग, एखादी समासाची ओळ, एकदा तारखेची मांडणी. किरकोळ म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि गेलेलं ते प्रत्येक वेळी दाढीवाल्याचं. माझी एकही ओळ गेलेली नाही.

आता मी काय समजायचं? भांडण मागच्या महिन्यात उघड झालं, आत आधीपासूनच धुमसत असणार. माझा भाऊ आकसाने माणसाचं काम कापत होता, आणि वर माझ्यापाशी त्याची वकिली करत होता. त्यात एक बाळ मरता मरता वाचलं.

त्याला वरून खाली बोलावलं आणि पानं समोर टाकली. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आई-वडिलांना मधे आणलं, ते आणायला नको होतं.

तो पांढरा पडला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते, हा तसा नव्हता. म्हणून मला आणखी संताप आला. फक्त म्हणाला, "ताई, मी दोन्ही बाजू बघतो. नेहमी बघतो." मग उठून निघाला. जाताना दाराच्या चौकटीवर डावा खांदा असा आपटला की भिंतीवरचं घड्याळ हललं. रागात माणूस आंधळा होतो.

भावजय जिन्यात उभी होती. म्हणाली, वन्सं, हल्ली ते घरीही असंच करतात, आपटत आदळत चालतात. मला वाटतं माझ्यावर चिडलेत. मी म्हटलं, तू मधे पडू नकोस.

सोमवार, १० फेब्रुवारी

रविवारभर दोन्ही मजल्यांवर सन्नाटा. आज ऑफिसात मी त्याला म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत एक मर्ज कर. आकस नाही ना? मग दाखव. दाढीवाल्यालाही शेजारी उभं केलं. साक्षीदार असावा.

तो लगेच बसला. पडद्यावर दोन रकाने. डावीकडे दाढीवाल्याचं काम, उजवीकडे माझं. आधी ज्याचं काम येतं ते यंत्र डावीकडे मांडतं. दाढीवाला नेहमी आधी, मी नेहमी मागाहून, कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. हे मी इतकी वर्षं बघते आहे, पण त्यात काही अर्थ असेल असं कधी वाटलं नाही.

धाकट्याने शांतपणे वाचलं, माझं ठेवलं आणि पुढे गेला. पुन्हा माझं. पुन्हा माझं. सराईत हात, कपाळावर आठी नाही.

"आणि डावीकडचं?" मी विचारलं.

"डावीकडे काही नाहीच आहे."

तिथे अकरा ओळी होत्या. मी पडद्यावर बोट ठेवलं. त्याने बोटाकडे पाहिलं, मग म्हणाला, हां, ह्या. आणि बोट उचलताच पुन्हा उजवीकडे.

माझा विश्वास बसेना. नाटक करतो आहे असंही क्षणभर वाटलं, देवाशपथ वाटलं. मग काय सुचलं कोण जाणे, टेबलावरची फाइल घेऊन मी उजवा रकाना झाकला. म्हटलं, आता वाच. आणि त्याने डावीकडचं सगळं घडाघडा वाचलं, मधे एक चूकही काढली. फाइल काढली. डावं गेलं. झाकली. आलं. तीनदा केलं. एकटं असलं की दिसतं. शेजारी दुसरं आलं की नाहीसं होतं.

धाकटा हसायला लागला. म्हणाला, पडदा बिघडलाय, नवा आणा. दाढीवाला हसला नाही. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. हळूच म्हणाला, "मॅडम, गाडीच्या किल्ल्या त्यांच्याकडून घ्या. आत्ता."

बुधवार, १२ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण बाई. फार प्रश्न विचारले नाहीत. धाकट्याला समोर बसवून दोन्ही हात पसरले. उजवं बोट हलवलं: दिसतं? दिसतं. डावीकडचं हलवलं: दिसतं? दिसतं. मग दोन्ही एकदम हलवली. कुठलं हललं? तो ठामपणे म्हणाला, उजवं.

भावजयीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले आहेत.

डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाल्या. नजर आत पोचते, पण दोन्हीकडून एकदम आली की मेंदू डावीकडची सोडून देतो. त्याला स्वतःला काही हरवल्याचं कळत नाही, कारण हरवलं हेसुद्धा मेंदूनेच सांगायचं असतं. संध्याकाळी यंत्रात घालून चित्र काढलं. कवटीच्या आत, उजव्या अंगाला, मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ. सावकाश वाढणारी, वर्ष दोन वर्षांची. स्वरूप बहुधा साधं, काढता येईल. बहुधा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

सोमवारी ऑपरेशन.

परत येताना टॅक्सीत तो मधे बसला, आम्ही दोघी दोन बाजूंना. शनिवारी मी त्याला काय काय बोलले होते ते एकेक आठवत होतं. एक अक्षर मागे घेता आलं नाही. फक्त म्हटलं, पट्टा लाव.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ऑफिसात ठरवायचं होतं ते आज ठरवलं. मर्जचं पान यापुढे कसं दिसायला हवं? कोरं पान बाद. सगळं ओतणारंही बाद, वाचणारा कंटाळतो आणि कंटाळलेला माणूस डोळे मिटून हो म्हणतो. यंत्राने पुन्हा करून पाहायचं आणि माणसाच्या हाताने काय झालं ते दाखवायचं, हेच. यावर दाढीवाल्याचं आणि माझं सहा वर्षांत पहिल्यांदा एका झटक्यात एकमत झालं.

मग मी म्हटलं, हे आजपासून पुढच्या कामाला लावा. मागचं दुरुस्त करू, इस्पितळांना काय गेलं होतं ते कळवू, पण मागची मर्ज आहेत तशीच कोरी राहू देत. उद्या नवं कुणी कामाला येईल, जुनं चाळेल. माझ्या भावाच्या नावाखाली लाल ओळी कशाला दिसायला हव्यात. दाढीवाल्याने कीबोर्ड पुढे सरकवून दिला. म्हणजे त्याला पटलं नव्हतं.

धाकटा आतल्या खोलीत होता. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलंय, पण ऐकेल तर शपथ. बाहेर आला आणि म्हणाला, ती पानं मला दाखवा.

मी नको म्हटलं. तो खुर्ची ओढून बसला. नवं पान एकाच रकान्यात, शेजारी काही नाही, त्यामुळे त्याला सगळं वाचता येत होतं. सप्टेंबरपासून वाचत आला. एकेक पान, घाई नाही. समासाची ओळ. तारीख. रंग. जानेवारीतल्या पानावर फार वेळ थांबला. तिथे मी उठून पाण्याचा ग्लास भरला, प्यायले नाही.

मग म्हणाला, "मागच्यालाही हेच लाव."

मी म्हटलं, गरज नाही.

"मला दिसत नव्हतं म्हणून गेलं, ताई. तुला दिसतंय, आणि तू झाकणार?"

आवाज अगदी साधा. मला आयुष्यात कुणी असं गालफाडात मारलेलं नाही. दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने लावलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

उद्या सकाळी त्याला आत नेणार. आज दुपारी दाखल करायचं होतं. त्याआधी म्हणाला, एक मर्ज राहिलंय, तपासणी परत घालायची, तेवढं उरकून जाऊ. भावजय रडकुंडीला आली. मी म्हटलं, करू दे त्याला. खरं म्हणजे मलाच करायचं होतं.

माझ्या जेवायच्या टेबलावर बसलो. पडद्यावर फक्त उजवा रकाना ठेवला, डावा मी माझ्यासाठी कागदावर छापून आणला होता. मी तो मोठ्याने वाचत होते, तो पडद्यावरचं बघत ऐकत होता. कान शाबूत आहेत. दोन ओळींनंतर थांबवायचा: हे ठेव. हे तुझं जाऊ दे, त्याचं चांगलं आहे. इथे दोन्ही ठेव, पण वजन आधी वाचलं पाहिजे, नाहीतर अडवणार कशावर? मी काही बोलायला गेले की म्हणायचा, तू वाच. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात काय चालायचं ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं नाही, वाचायचं होतं.

झाल्यावर दाढीवाल्याकडे पाठवलं. तो घरूनच बघणार होता. नव्या पानावर.

बॅग भरून झाली, टॅक्सी दाराशी आली, तेव्हा दाढीवाल्याचा फोन. मी लावला तो सगळ्यांना ऐकू येईल असा. मर्ज पास करत नाही, म्हणाला.

"काय राहिलं?" धाकटा.

"तुमचं काही नाही, साहेब. डावीकडची एक ओळ गेली आहे, दुसऱ्या सहीची. मॅडमनी वाचलीच नसणार."

मी कागद काढला. होती. दोन सारख्या ओळी एकाखाली एक, त्यातली एक मी ओलांडून गेले होते. दोनदा तपासणारी मी.

धाकटा हसला. इतका हसला की भावजयीला आधी भीती वाटली आणि मग तीही हसली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, परत आत जाऊन बसले, ओळ जागेवर घातली आणि पुन्हा पाठवलं. दाढीवाल्याने पाहिलं. पास केलं.

मग आम्ही निघालो.